लाल नळीचं सोंग

आमची शेड निघोज्यात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे सासरचे कांदे साठवायचे. पुढे चाकणची एमआयडीसी शेतापर्यंत आली, कांदे गेले आणि त्या जागी वेल्डिंगची मशीनं बसली. नवऱ्याने कंपन्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या आणि रॅक बनवायला सुरुवात केली. तो दिवसभर या कंपनीच्या गेटवर, त्या कंपनीच्या गेटवर. शेड सांभाळायची मी. बी.कॉम. झालेल्या बाईला लोखंडातलं काय कळतं असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटायचं. मलाही वाटायचं, पण मी ते कुणाला कळू दिलं नाही.

खोड्या काढायची सवय मला माहेरापासून. सासरी आल्यावर ती जाईल असं आईला वाटलं होतं. ती गेली नाही, उलट इथे तिला मोठं मैदान मिळालं. त्यातली सगळ्यात मोठी खोडी मी आमच्या गॅसकटरवाल्या मिस्तरींची काढली. निदान महिनाभर माझा तसा समज होता.

मिस्तरी लातूरकडचे. थेरगावात लेकीकडे राहायचे आणि रोज बस बदलत निघोज्याला यायचे. साठीला टेकलेले, पण हातात लोखंड कापायचा गॅसचा टॉर्च आला की हात असा स्थिर की जाड प्लेटीवरची खडूची रेघ दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी शिल्लक राहायची. कंपनीचे इन्स्पेक्टर ती कड बोटाने चाचपून बघायचे आणि काही न बोलता सही करायचे. माणूस मात्र गॅसच्या नटासारखा. जळणाऱ्या गॅसच्या जोडणीचे आटे उलटे असतात, चुकून ऑक्सिजनला जोडली जाऊ नये म्हणून. नेहमीच्या सवयीने सैल करायला जावं तर ती आणखी घट्ट बसते. मिस्तरींना समजवायला जावं तर तसंच.

ते कापायला ॲसिटिलीन गॅस वापरायचे. शेडच्या भाषेत त्याला डीए म्हणतात. पण डीएचा सिलिंडर वेळेवर मिळेना. कधी दुकानात नाही, कधी गाडी चाकण चौकात कांद्याच्या ट्रकांमागे अडकलेली, आणि इकडे मिस्तरी गॉगल कपाळावर चढवून बसलेले. शेवटी नवऱ्याने ठरवलं, कापायला एलपीजी घ्यायचा. आजूबाजूच्या शेड कधीच त्यावर गेल्या होत्या. लोखंडी नळ्यांची बारीक वेल्डिंग असते तेवढ्यापुरता डीएचा एक छोटा सिलिंडर ठेवायचा, कारण लोखंड वेल्ड करायला एलपीजीची ज्योत चालत नाही. बाकी सगळं एलपीजी. हे सगळं ठरवून नवरा मला म्हणाला, "मिस्तरींना तू सांग." आणि मोटारसायकलला किक मारून गेला. अवघड कामाच्या वेळी त्याची मोटारसायकल पहिल्या किकला सुरू होते.

मी चहाच्या वेळी विषय काढला. मिस्तरींनी कप खाली ठेवला.

"एक म्हंजे, त्यो सैपाकाचा गॅस. दुसरं, प्लेट तापायला येळ लावतंय. तिसरं, मालक लोकं गॅस बदलत्यात आन् पाईप त्योच ठिवत्यात." मग त्यांनी गॉगल काढून मला दाखवला. "ज्या दिशी ह्या शेडमधी एलपीजी यील, त्या दिशी ह्यो खुंटीला. मी गावाकडं. लेकीची शपथ."

सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. शपथ घातली म्हणजे संपलं. मिस्तरी शब्दाचा माणूस, आणि तोच त्यांचा दोष.

त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. हे मी उगाच म्हणत नाही. ते गेले असते तर दुसरा कटर मिळाला असता, तसे या पट्ट्यात खंडीभर मिळतात. पण मी नवी होते तेव्हा मला पहिल्यांदा साबणाचं पाणी आणि ब्रश हातात देऊन गळती कशी बघायची ते शिकवलं होतं या माणसाने, आणि तेही बाकीचे हसत असताना. त्यामुळे मी ठरवलं की गॅसही बदलायचा आणि मिस्तरीही ठेवायचे. कसं, तर त्यांना कळूच द्यायचं नाही.

भाद्रपदात ते महालक्ष्म्यांसाठी आठ दिवस गावी गेले. सिलिंडर आमच्याकडे शेडबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात असतात. एकदा चोरी झाल्यापासून त्याची किल्ली माझ्या कमरेला. रोज सकाळी व्हॉल्व्ह मीच उघडायचे, नळ्या भिंतीच्या भोकातून आत यायच्या. म्हणजे आत बसलेल्या माणसाला दिसणार फक्त दोन नळ्या, निळी ऑक्सिजनची आणि लाल डीएची, आणि हातातला टॉर्च. मी गॅसच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने एलपीजीचा व्यवसायाचा सिलिंडर आणला, त्याचा रेग्युलेटर, आग उलटी फिरू नये म्हणून लागणारा अरेस्टर, आणि एलपीजीचं वेगळं नोझल. सगळं बसवलं. मग त्याने पिशवीतून नारिंगी नळीचं भेंडोळं काढलं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, एलपीजीला ही लागते. ती लाल डीएची. एलपीजी त्या रबराला आतून खातो. आज काय होत न्हाय, पण हळूहळू फुगतं, चिरा पडतात."

मी त्या नारिंगी भेंडोळ्याकडे बघितलं. इतका झगझगीत रंग, की मिस्तरींना गेटातूनच दिसला असता. सगळ्या सोंगाचं वाटोळं.

"राहू दे," मी म्हणाले. "लालच ठेव. नंतर बदलू."

"वहिनी, पण..."

"नंतर म्हटलं ना."

त्याने भेंडोळं पिशवीत घातलं. वादात जिंकायची मला इतकी सवय आहे की समोरचा बरोबर असला तरी मी थांबत नाही.

मिस्तरी परत आले ते करंज्यांचा डबा घेऊन. मी आधीच तयारीत होते. चहाची शेगडी, तिचा छोटा सिलिंडर, सगळं मागच्या खोलीतून काढून शेडच्या दाराशी आणून ठेवलं होतं. डीएचा वास लसणीसारखा, एलपीजीचा सडक्या कोबीसारखा. वासाला काहीतरी कारण हवं ना.

त्यांनी टॉर्च पेटवला. डीए पेटवताना काजळीचे काळे धागे उडतात, आमचं छत त्यानेच काळं झालंय. या वेळी एक धागा उडाला नाही. मिस्तरींनी ज्योतीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"नवा लॉट आलाय," मी म्हणाले. "फार स्वच्छ आहे म्हणे."

"आसं का," मिस्तरी म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी नाक वर केलं. "वास यायलाय वहिनी."

"चहाची शेगडी. नीट बंद होत नाही मेली."

"आसं का. बरं."

प्लेट तापायला जास्त वेळ लागला तेव्हा मी लांबूनच सांगितलं की या वेळची प्लेट जरा जाड आलीय. नोझल वेगळं दिसलं तेव्हा सांगितलं की जुनं झिजलं होतं. प्रत्येक वेळी मिस्तरी गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे आणि कापायला लागायचे. कड सुरेख यायची. दुपारी मी केबिनमध्ये दार लावून एकटीच हसले. संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंना सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"आगं बया! आन् त्यांनी मानलं?" सासूबाई म्हणाल्या.

"मानलं म्हणजे? जाड प्लेटीचं तर चक्क मानलं!"

सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थापटलं. केवढी दाद देतात माझ्या बुद्धीला, असं मला वाटलं.

तिसऱ्या चौथ्या दिवशी मी जीएसटीच्या कामाला चिंचवडला गेले होते. परत आले तर मिस्तरींनी लाल नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. थेट पिंजऱ्यातल्या रेग्युलेटरपासून टॉर्चपर्यंत.

"हे काय?"

"ठिनग्या उडायल्यात. पाईप जपाया पायजे. किल्ली आक्कांकून घेतली व्हती."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. दुसरी किल्ली देवघरात असायची. ठिणग्यांपासून जपायला नळीला कापड गुंडाळतात हे मी दुसऱ्या शेडमध्येही पाहिलं होतं. मिस्तरी रोज सकाळी त्या कापडावर तांब्याने पाणी शिंपडायचे, ठिणगीने पेटू नये म्हणून. मला तर भरून आलं. बिचारा माणूस, आपल्या डीएच्या नळीला किती जीव लावतो! तेही मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय गं, लई जीव हाय त्यांचा पायपावर," आणि घाईघाईने उठून गोठ्याकडे गेल्या. गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

महिनाभर असं चाललं. दुकानदार एकदा बिलं द्यायला आला, तोही मिस्तरींकडे बघून उगाच खोकला. त्याला पाणी दिलं मी.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कुठलंही मशीन चालत नाही. सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटांवर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. पान्हे, हातोड्या, ग्राइंडर, सगळ्यांना सासूबाई तेलाचं बोट लावतात. फक्त ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला नाही. फार वर्षांपूर्वी त्या तेलाचं बोट घेऊन तिकडे निघाल्या होत्या तेव्हा मिस्तरींनी त्यांचा हात मध्येच धरला होता. गावातल्या पाटलासारखा दरारा असलेल्या बाईचा हात एका कामगाराने धरला म्हणून सगळे हातातली कामं टाकून बघायला लागले होते. मिस्तरी म्हणाले होते, "आक्का, ऑक्सिजनला त्याल लागलं की भडका हुतंय. कोरडं कुंकू लावा." तेव्हापासून तिथे कोरडं कुंकू, आणि तेव्हापासून मिस्तरींच्या शब्दाला सासूबाईंच्या घरात वजन.

मिस्तरींनी टॉर्च, नोझल, दोन्ही नळ्या सोडवून पाटावर गुंडाळून ठेवल्या. मी झेंडूच्या माळा घेऊन वाकले. धुतल्यामुळे लाल कापडाची एक पट्टी सुटून उलटी झाली होती. पट्टीला बारीक हिरवा काठ होता, आणि काठात पिवळ्या रुईफुलांची नक्षी.

तो काठ मी ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी चाकणच्या बाजारातून सासूबाईंना एक लाल लुगडं घेतलं होतं. "लई भडक हाय गं," म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवलं ते कधी नेसल्याच नाहीत. इतक्या वर्षांनी त्याचा उपयोग झाला होता. नळीने नेसलं होतं.

मी पट्टी बोटभर सरकवली. खाली नारिंगी.

मी माळ ठेवली आणि कुणाला काही न सांगता शेडच्या मागे गेले. राग आला होता. मला फसवलं म्हणून, माझ्याच सासूने माझ्याच लुगड्याने फसवलं म्हणून. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं! काळे धागे, वास, जाड प्लेट, सगळं ऐकून घेत होते आणि मी केबिनमध्ये बसून एकटी हसत होते. नारिंगी नळी दुकानदारानेच आणून दिली असणार, त्याचा तो खोकला उगाच नव्हता. मग मला भंगाराच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली जुनी लाल नळी दिसली. कुणीतरी ती टाकून न देता नीट टांगली होती, आणि टोकाला तारेने गाठ मारून ठेवली होती, चुकून कुणी परत वापरू नये म्हणून.

मी ती हातात घेतली. क्लिप बसायची तिथे रबर फुगून मऊ झालं होतं, दाबलं की अंगठा आत जायचा. थोडं पुढे वाकवली आणि बारीक चिरा उघडल्या, एकापाठोपाठ एक. माझ्या गॅसवर ती नळी फक्त तीन दिवस होती. म्हणजे तशी ती जुनीच असणार, आणि मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मिस्तरी उकिडवे बसून कापतात. नळी त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून जाते. मला ते आधीही माहीत होतं, रोज दिसत होतं.

मालक लोकं गॅस बदलत्यात आन् पाईप त्योच ठिवत्यात. तीन कारणं सांगितली होती त्यांनी. मी पहिल्या दोन कारणांची उत्तरं तयार केली आणि तिसरं अगदी तसंच्या तसं करून दाखवलं. तेही कशासाठी, तर रंग दिसला असता आणि माझी गंमत गेली असती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की राग कुठे गेला ते कळलं नाही.

आणि तिथे उभी असतानाच दुसरी गोष्ट कळली. नळी बदलायची होती तर मिस्तरी सरळ बदलू शकले असते. लुगड्याची भानगड कशाला? कारण नारिंगी नळी दिसली असती तर मला बोलावं लागलं असतं. मी बोलले असते तर शेडमध्ये एलपीजी आलाय हे त्यांच्या कानावर आलं असतं. आणि मग लेकीची शपथ. जोवर मी फसवतेय आणि ते फसतायत, तोवर गॉगल खुंटीला टांगायची गरज नव्हती. त्यांनाही जायचं नव्हतं.

म्हणजे आता मी तिथे जाऊन, "काय मिस्तरी, पकडलं की नाही!" असं म्हणाले असते तर मी जिंकले असते आणि मिस्तरी त्या दिवशी संध्याकाळी गावाला गेले असते.

मी परत आले. सासूबाई पाटाजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग सुटलेल्या पट्टीकडे, आणि डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. मिस्तरी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनाही पट्टी दिसली होती. त्यांचा हात खिशातल्या गॉगलवर गेला. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी खाली बसले. पट्टी होती तशी गुंडाळून बसवली. नळीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आयुष्यात खोडी सोडून देणं मला इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

"मिस्तरी," मी म्हणाले, "ही डीएची नळी आता जुनी झाली हं. कापड काढून टाका आता, आत गळती झाली तर दिसायची नाही. आपण नवी लावू. हल्ली म्हणे डीएच्या नळ्या नारिंगी रंगात यायला लागल्यात."

मिस्तरी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून हात काढला.

"यायल्या आसतील," ते म्हणाले. "कंपनीवाले काय वहिनी, कुठलाबी रंग काढत्यात."

"आणि तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "तिसरं."

"कशाचं तिसरं?" सासूबाईंनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. "नारळ फोडा आता, उन्हं आली."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. नारिंगी नळी उघडी, लख्ख, मिस्तरींच्या गुडघ्याशी. त्यांनी साबणाच्या पाण्याचा ब्रश माझ्या हातात दिला आणि सगळे जोड माझ्याकडून तपासून घेतले. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी टॉर्च पेटवला. काळा धागा उडाला नाही, सडक्या कोबीचा वास मात्र क्षणभर आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मिस्तरींनी गॉगल डोळ्यांवर ओढला. "वहिनी," ते म्हणाले, "तुमची चहाची शेगडी तेवढी बंद करा की."

मी उठले, दाराशी गेले, आणि बंद असलेली शेगडी पुन्हा एकदा नीट बंद करून आले.